पंपावरचा लाल आकडा आणि हातातला रिमोट

ऊस विकासाच्या या पानावर आपण बेणेप्रक्रिया, पाचट, ठिबक, खोडकिडा, खोडवा व्यवस्थापन असे विषय नेहमी वाचता. या अंकात विषय जरा वेगळा घेतला आहे. तो वरवर पाहता उसाचा नाही. पण उसाच्या हिशेबात पहिल्या नांगरटीपासून शेवटच्या मोळीपर्यंत तो सोबत असतो. विषय आहे डिझेलच्या भावाचा. नेमके सांगायचे तर तो भाव आपल्याला दाखविणाऱ्या विजेच्या फलकाचा, आणि त्या फलकावरचा आकडा दुरून बदलणाऱ्या रिमोटचा.

कळसाडी आणि आसपासच्या गावांत गट-बैठकांना आम्ही जातो तेव्हा खतांच्या मात्रेवर बोलणे सुरू होते आणि फिरून फिरून गाडी डिझेलवर येते. ते साहजिकच आहे. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, सरी पाडणे, बांधणी, ऊस वाहतूक, सगळे डिझेलवर. त्यात चार प्रश्न हमखास निघतात. पहिला : "साहेब, पाटीवरचा भाव रातोरात बदलतो कोण?" दुसरा : "तो रिमोट आमच्या टीव्हीच्या रिमोटासारखाच का?" तिसरा : "पाटीवर एक आकडा आणि मशीनवर दुसरा दिसला तर खरा कोणता धरायचा?" आणि चौथा, जो जरा आवाज खाली करून विचारला जातो : "रिमोटनं माप पण मारता येतं म्हणे, खरं का?"

चारही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे जमतील तितक्या सोप्या भाषेत येथे देत आहोत.

शिडी, पत्र्याचे आकडे आणि सकाळचे सहा

जुन्या सभासदांना आठवत असेल, पूर्वी पंपावर भावाची पाटी रंगाने लिहिलेली असे, नाहीतर खिळ्याला पत्र्याचे आकडे अडकवलेले असत. भाव बदलला की पंपावरचा मुलगा शिडी लावून वर चढे, चारचा पत्रा काढून पाचचा अडकवी, आणि काम संपले. त्यात काही अडचण नव्हती, कारण भावच मुळी सरकार ठरवी आणि तो क्वचित बदले.

पुढे चित्र पालटले. पेट्रोलच्या दरावरचे सरकारी नियंत्रण जून २०१० मध्ये उठले, डिझेलच्या दरावरचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. त्यानंतर काही काळ तेल कंपन्या दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला भाव फिरवीत. मे २०१७ मध्ये पुद्दुचेरी, विशाखापट्टणम्, उदयपूर, जमशेदपूर आणि चंदीगड या पाच शहरांत रोज भाव बदलण्याचा प्रयोग झाला, आणि १६ जून २०१७ पासून तीच पद्धत सर्व देशात लागू झाली.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. सुरुवातीला नवा भाव मध्यरात्री बाराच्या ठोक्याला लागू करावयाचे ठरत होते. पंपचालकांच्या संघटनांनी त्यास हरकत घेतली. ज्या पंपांवर भाव आपोआप बदलण्याची सोय नव्हती, तेथे रोज मध्यरात्री कोणीतरी जागे राहून मशीनचा आणि पाटीचा आकडा बदलणार कसा, हा त्यांचा मुद्दा होता. शेवटी वेळ ठरली सकाळी सहाची. म्हणजे सबंध देशाच्या भाववेळेचा निर्णय शेवटी येऊन अडला तो पाटी बदलणाऱ्या माणसाच्या झोपेवर! यंत्र कितीही शहाणे असो, त्याच्या एका टोकाला माणूस उभा असतोच.

रोजच्या बदलाचा वेग केवढा असू शकतो हे आपण २०२२ साली पाहिले. २२ मार्च ते ६ एप्रिल या सोळा दिवसांत दर १४ वेळा वाढले आणि लिटरमागे एकूण १० रुपयांची भर पडली. कारखान्यांच्या गाळपाचा तो ऐन शेवटचा काळ. ट्रॅक्टरवाले बेजार झाले होते. अशा दिवसांत शिडी आणि पत्र्याचे आकडे पुरे पडणे शक्यच नव्हते. त्यानंतर उलट दीर्घकाळ दर जवळजवळ स्थिर राहिले. केंद्राने मे २०२२ मध्ये अबकारी कर कमी केला, राज्याने जुलै २०२२ मध्ये मूल्यवर्धित कर कमी केला, आणि मार्च २०२४ मध्ये लिटरला दोन रुपयांची कपात झाली, तेवढेच मोठे बदल. म्हणजे पाटी कधी रोज हलते, कधी महिनोन् महिने हलत नाही. न हलणाऱ्या पाटीकडे लक्ष द्यायची आपली सवय मोडते, आणि नेमके तेव्हाच ती चुकते.

आपला जिल्हा तर तीन राज्यांच्या सीमेवरचा. पश्चिमेला गुजरात, उत्तरेला मध्यप्रदेश. नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर अर्धा बाक महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, हे बाहेरगावच्या पाहुण्याला आपण कौतुकाने दाखवतो. तसेच भावाचेही आहे. इंधनावरचा राज्याचा कर प्रत्येक राज्य आपापला लावते, म्हणून सीमा ओलांडली की तीच गाडी, तेच डिझेल, पण पाटीवरचा आकडा वेगळा. त्यामुळे या भागातला शेतकरी पाटी जरा जास्तच निरखून वाचतो, आणि ते योग्यच आहे.

सात पट्ट्यांचा आकडा

आता फलकाकडे वळू. लांबून जो तांबडा किंवा हिरवा आकडा आपल्याला दिसतो, तो सात पट्ट्यांचा बनलेला असतो. वर एक आडवी, मध्ये एक आडवी, खाली एक आडवी, आणि डाव्या-उजव्या बाजूंना दोन-दोन उभ्या. प्रत्येक पट्टीत बारीक एलईडी दिव्यांची ओळ. सातही पट्ट्या पेटल्या की ८. मधली विझवली की शून्य. उजव्या बाजूच्या दोनच पेटवल्या की १. घरातल्या कॅल्क्युलेटरचा आकडा असाच बनतो. पंपावरचा फक्त हात-दीड हात उंच.

या रचनेत सोय आहे तसा एक धोकाही आहे. पत्र्याचा आकडा मोडला तर तो खाली पडतो, लगेच कळते. पट्ट्यांच्या आकड्यातली एखादी पट्टी विझली तर आकडा पडत नाही, तो *दुसराच आकडा* होतो. बघा :

७ ची वरची आडवी पट्टी गेली की होतो १.
९ ची डावीकडची वरची पट्टी गेली की होतो ३.
९ ची उजवीकडची वरची पट्टी गेली की होतो ५.
८ ची मधली पट्टी गेली की होते शून्य.
८ ची उजवीकडची वरची पट्टी गेली की होतो ६.

यात कोणाची लबाडी असेलच असे नाही. ऊन, धूळ, पावसाचे पाणी आत जाणे, विजेचा दाब कमी-जास्त होणे, यांनी दिवे जातात. पण समजा पैशांच्या घरातला ९ हा ३ दिसू लागला, तर लिटरमागे साठ पैशांचा फरक दिसेल. ट्रॅक्टरच्या पन्नास लिटरच्या टाकीला तीस रुपये. पाटीवर कमी दिसले, मशीनने बरोबर लावले, आणि आपण म्हणालो पंपवाल्याने फसवले. म्हणून चांगल्या फलकाला तपासणीची सोय असते. एक बटण दाबले की सगळ्या घरांत ८ पेटतात. सगळे आठ पूर्ण दिसले की सगळ्या पट्ट्या शाबूत. ही तपासणी रोज सकाळी एकदा करणे हे पंपचालकाचे काम आहे, पण सभासदांनीही ती माहीत करून घ्यावी.

फलकाची आणखी एक मर्यादा २०२१ साली उघडी पडली. फेब्रुवारीत परभणीला प्रीमियम पेट्रोलने लिटरला शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला. परभणी मनमाडच्या डेपोपासून तीनशे किलोमीटरांहून जास्त दूर, वाहतूक खर्च जास्त, म्हणून तेथला भाव बहुधा राज्यात वरच्या पायरीवर असे. त्याच सुमारास भोपाळच्या काही पंपांवर जुन्या मशीनींना दशांश चिन्हाच्या आधी तीन आकडे दाखवताच येईनात, आणि तेथे प्रीमियम पेट्रोलची विक्री थांबवावी लागली. शंभराचा आकडा कोणी कल्पिलाच नव्हता. यंत्रात त्याला घरच ठेवले नव्हते. मे महिन्याच्या अखेरीस मुंबईत साधे पेट्रोलही शंभरीपार गेले. ज्या फलकांवर दोन अधिक दोन अशी चारच घरे होती, ते बदलावे लागले. वस्तू घेताना पुढची दहा वर्षे डोळ्यांसमोर ठेवावीत, हा धडा विहिरीवरचा पंप घेणाऱ्यालाही लागू आहे.

रिमोट म्हणजे तोडणीची चिठ्ठी

आता दुसरा प्रश्न. टीव्हीचा रिमोट आणि भावफलकाचा रिमोट एकच का? दिसायला एकसारखे, पण जात वेगळी.

टीव्हीचा रिमोट डोळ्यांना न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या प्रकाशाने काम करतो. प्रकाश म्हटला की समोरासमोर पाहिजे. मध्ये माणूस उभा राहिला की चॅनेल बदलत नाही. शिवाय भर उन्हात असा प्रकाश उन्हातच हरवून जातो. रस्त्याच्या कडेला उंच खांबावर असलेल्या फलकाला तो उपयोगाचा नाही. म्हणून मोठ्या फलकांना रेडिओलहरींचा रिमोट लावतात. या लहरी भिंतीतून, काचेतून, गर्दीतून पार होतात. पंपाच्या खोलीत बसून, कोणाला शिडीवर न चढवता, रस्त्यावरचा आकडा बदलता येतो.

ही कल्पना विलायतेतून आलेली अगदी नवी आहे असेही नाही. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी जाहीर प्रयोग करून अशा लहरी भिंतींपलीकडे पाठवल्या, आणि दूर ठेवलेली घंटा वाजवून व बंदुकीची दारू उडवून दाखवली. तार नाही, दोरी नाही, आणि पलीकडच्या खोलीत घंटा वाजते! नंतर १८९८ साली न्यूयॉर्कला निकोला टेस्ला यांनी पाण्यावरची छोटी नाव बिनतारी चालवून दाखवली. आजचा रिमोट हा त्याच घराण्यातला.

आपल्या देशात कोणतीही रेडिओलहर वापरायला परवाना लागतो, असा मूळ नियम. पण २००५ साली सरकारने कमी शक्तीच्या छोट्या उपकरणांसाठी काही पट्टे मोकळे केले. त्यांत ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा एक पट्टा आहे, आणि दुसरा २.४ गिगाहर्ट्झचा, ज्यावर घरातले वायफाय चालते. नेमून दिलेल्या शक्तीच्या आत राहिले तर या पट्ट्यांवर वेगळा परवाना लागत नाही. म्हणूनच असे रिमोट आता सहज मिळतात.

रिमोट पाठवतो काय? हे समजावयास आपली ऊसतोडीची चिठ्ठी डोळ्यांसमोर आणा. चिठ्ठीवर सभासद क्रमांक असतो, गट असतो, प्लॉट असतो. चिठ्ठीवरचा क्रमांक चुकला तर टोळी भलत्याच्याच शेतात कोयता लावील. तद्वत् रिमोटच्या निरोपात पहिल्यांदा फलकाचा क्रमांक असतो, मग कोणत्या ओळीचा भाव (पेट्रोल की डिझेल), आणि मग आकडे. शेजारच्या पंपावर त्याच कंपनीचा फलक असला तरी त्याचा क्रमांक वेगळा, म्हणून तो हा निरोप ऐकून न ऐकल्यासारखा करतो. फलक आणि रिमोट यांची ही जोडी आधी लावून घ्यावी लागते.

निरोपाच्या शेवटी एक पडताळणीची बेरीज जोडलेली असते. फडात मोळ्या मोजल्या आणि उतरवताना परत मोजल्या, दोन्ही जमले तर माल पुरा, तसेच हे. फलक आकड्यांवरून स्वतः बेरीज करून पाहतो. जमली तर आकडा बदलतो, नाही जमली तर निरोप टाकून देतो. वाटेत वेल्डिंगच्या ठिणग्या, विजेची उच्चदाबाची लाईन, लोखंडी छत यांनी निरोप बिघडू शकतो, म्हणून ही काळजी.

मात्र एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. स्वस्तातले रिमोट *एकतर्फी* असतात. ते निरोप पाठवतात, फलकाला पोचला की नाही ते त्यांना कळत नाही. चांगले रिमोट *दुतर्फी* असतात. फलक "पोचला" म्हणून उलट पोच देतो. आपल्याकडे विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवलेले बरेच सभासद आहेत. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांच्या नॅनो गणेश या यंत्राने ही सोय अनेक शेतकऱ्यांच्या परिचयाची केली. त्यात नुसते "चालू हो" म्हणून भागत नाही; लाईट आहे का, मोटार खरेच सुरू झाली का, हे यंत्राने सांगितले तरच रात्रीचा शेतावरचा हेलपाटा वाचतो. नाहीतर आपण घरी निर्धास्त झोपलेले आणि मोटार बंद. एकतर्फी रिमोटने बदललेला फलक तसाच. बटण दाबणाऱ्याने बाहेर येऊन, रस्त्याच्या *दोन्ही बाजूंनी* आकडा वाचून पाहिलाच पाहिजे. कारण फलकाला दोन तोंडे असतात, आणि एक बदलले म्हणजे दुसरे बदललेच असे समजू नये.

मोबाईल बंद, मग रिमोट कसा चालतो?

हा पाचवा प्रश्न तरुण सभासद हटकून विचारतात. "पंपावर मोबाईल बंद ठेवा म्हणता, मग रिमोट कसा चालवता?"

पेट्रोलची वाफ पेटायला ठिणगी लागते. रिमोटच्या एवढ्याशा रेडिओलहरीने वाफ पेटत नाही. भीती असते ती यंत्रातल्या बॅटरीच्या किंवा जोडणीच्या ठिणगीची. त्यामुळे नोझल, टाकीचे तोंड, टाकीच्या वाफेचा पाईप अशा जागांजवळ जे उपकरण वाफेत वापरण्यासाठी मान्य झालेले नाही ते वापरू नये, असा नियम आहे. पंपावरच्या मशीनींना अशी मान्यता देणारे केंद्र सरकारचे कार्यालय, पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, आपल्याच राज्यात नागपूरला आहे. भावफलकाचा रिमोट मशीनपासून दूर, खोलीतून वापरावयाचा असतो. नोझल हातात धरून नव्हे. फोनचेही तसेच : पैसे द्यायचे तर मशीनपासून दूर होऊन द्यावेत. आणि जाता जाता, प्लास्टिकच्या कॅनमध्ये, तेही ट्रॉलीवर ठेवूनच, पेट्रोल भरण्याची जी सवय आपल्याकडे आहे ती फोनपेक्षा जास्त धोक्याची आहे. घर्षणाने तयार होणारी वीज तेथे ठिणगी पाडू शकते. धातूचे भांडे जमिनीवर ठेवून भरावे.

एक रिमोट सरळ, दुसरा वाकडा

आता तो खालच्या आवाजातला प्रश्न. यावर स्पष्टच लिहिणे बरे.

भावफलकाचा रिमोट फक्त *आकडा दाखवतो*. तो मापाला हात लावत नाही, लावू शकत नाही. किती डिझेल गेले हे मोजणारा मीटर मशीनच्या पोटात असतो. डिझेल वाहिले की तो फिरतो, आणि जितका फिरला तितके विजेचे ठोके मशीनच्या मेंदूकडे जातात. इतके ठोके म्हणजे इतके डिझेल, असा हिशेब. त्याला दिवसाच्या दराने गुणले की रुपयांचा आकडा.

फसवणूक करणारे याच ठोक्यांच्या वाटेत चिप बसवतात. ती थोडे जादा ठोके घुसवते. मशीनला वाटते जास्त डिझेल गेले, प्रत्यक्षात कमी गेलेले असते. एप्रिल २०१७ मध्ये लखनौत उत्तर प्रदेश पोलिसांनी छापे घातले तेव्हा अशा चिपा सापडल्या, आणि त्या *रिमोटने* चालू-बंद होत होत्या. त्याच वर्षी जूनपासून ठाणे पोलिसांनी आपल्या राज्यातल्या अनेक पंपांवर छापे घातले आणि मशीनींतले फेरफार उघडकीस आणले.

येथे रिमोटचे खरे दुष्टपण कोठे आहे ते पाहावे. चिप कायम चालू असती तर तपासणी अधिकारी आला की सापडली असती. रिमोट असला की अधिकारी दिसताच बटण दाबायचे, माप बरोबर. अधिकारी गेला की पुन्हा चालू. तीच रेडिओलहर, तेच बोटाचे बटण. एकाने शिडीवरचा मुलगा वाचवला, दुसऱ्याने शेतकऱ्याच्या टाकीतले डिझेल चोरले. यंत्राला पाप-पुण्य नसते, ते बोटाला असते. म्हणून अशी फसवणूक पकडायची तर तपासणी न सांगता, अवेळी आणि ग्राहकाने स्वतः मागणी करून व्हावी लागते.

तपासणी कशी करावयाची? प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप ठेवलेलेच असले पाहिजे. आपण मागणी केली तर त्यात पाच लिटर भरून दाखवणे पंपाला बंधनकारक आहे, आणि त्याचे पैसे लागत नाहीत. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. त्याहून कमी भरले तर तक्रार. मशीनची वैधमापन खात्याकडून वर्षातून एकदा फेरपडताळणी व्हावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र दिसेल असे लावलेले असावे लागते. माप मागणाऱ्याला पंपावर कोणी "शंकेखोर" म्हटले तर म्हणू द्यावे. बैल घेताना आपण त्याचे दात मोजतो, त्याला कोणी शंकेखोर म्हणत नाही.

मग खरा आकडा कोणता?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता सोपे झाले. पंपावर तीन आकडे असतात. एक रस्त्यावरच्या फलकाचा. तो माणसाने रिमोटने पाठवलेला. दुसरा मशीनच्या पडद्यावरचा. पुष्कळ पंपांवर तो आता कंपनीच्या यंत्रणेतून थेट येतो. तिसरा पावतीवरचा. पैसे कापले जातात ते मशीनच्या आकड्याने. फलक ही जाहिरात आहे, मशीन हा हिशेब आहे, आणि पावती हा पुरावा.

तिन्ही जुळले तर प्रश्नच नाही. फलक आणि मशीन यांत फरक दिसला तर बहुधा कारण साधे असते : सकाळी सहाला मशीन बदलली आणि रिमोट दाबणारा अजून आलेला नाही, किंवा निरोप पोचला नाही, किंवा एखादी पट्टी विझली. त्या वेळी वाद न घालता कंपनीच्या मोबाईल ॲपवर त्या पंपाचा त्या दिवसाचा दर पाहावा. मशीनचा दर त्याहून जास्त असेल तर मात्र गप्प बसू नये.

हेच तत्त्व आमच्या दृष्टीने आणखी एका जागी लागू होते, आणि सभासदांसाठी ती जागा पंपाहून मोठी आहे : वजनकाटा. काट्यावर गाडी चढली की बाहेरच्या फलकावर लाल आकडे फिरतात आणि स्थिर होतात. तो फलक सुद्धा फक्त *दाखवतो*; मोजणी खाली प्लॅटफॉर्मच्या लोडसेलमध्ये होते, नोंद संगणकात होते आणि पुरावा असतो आपल्या हातातल्या वजनचिठ्ठीवर. वजनकाट्यांच्या बाबतीतही रिमोटच्या तक्रारी देशात वेळोवेळी झालेल्या आहेत. त्यामुळे सभासदाने काट्यावर विचारलेला प्रश्न हा कारखान्याचा अपमान नव्हे. सहकारात काटा सभासदाचा, आणि त्याकडे पाहण्याचा हक्कही सभासदाचाच. गाडीवान भाऊ घाईत असतात, रांग मोठी असते, हे आम्ही जाणतो. तरी फलक स्थिर झाल्यावरचा आकडा आणि चिठ्ठीवरचा आकडा एकदा जुळवून पाहायला दोन श्वासांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

सभासदांनी एवढे करावे

१) पंपावर गाडी उभी केल्याबरोबर फलकावरचा डिझेलचा दर मनात म्हणावा, आणि मग मशीनवरचा वाचावा.

२) भरायला सुरुवात होण्यापूर्वी मशीन शून्यावर आली आहे हे स्वतः पाहावे. गप्पा नंतर.

३) पावती मागून घ्यावी, आणि ती ट्रॅक्टरच्या पेटीत न टाकता घरच्या वहीत लावावी. वाहतुकीचा खर्च टनामागे किती बसला हे हंगामाच्या शेवटी तीच वही सांगेल.

४) शंका आली तर पाच लिटरच्या मापाची मागणी करावी. शक्यतो एकट्याने नव्हे, दोघा-तिघांनी मिळून, आणि नेहमीच्या तपासणीच्या वेळी नव्हे.

५) फलकावर अर्धवट पेटलेला आकडा दिसला तर पंपचालकाला सांगावे. बहुतेक पंपचालक प्रामाणिक असतात. त्यांनाही ते कळलेले नसते.

६) दाद मिळाली नाही तर वैधमापन खात्याच्या जिल्हा कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. पावती नसेल तर तक्रार पांगळी होते, हे ध्यानात ठेवावे.

७) घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलींना फलकाच्या सात पट्ट्या समजावून द्याव्यात. आपण रस्त्याने जाताना जे चुकवतो ते त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

सभासद बंधु-भगिनींनो, उसाचे एकरी उत्पादन दोन टनांनी वाढावे म्हणून आपण वर्षभर राबतो. त्याच उसाच्या पैशातून लिटरमागे काही पैसे आणि गाडीमागे काही किलो नकळत गळून गेले तर ते वाढलेले दोन टन कोठे गेले याचा पत्ता लागत नाही. दिव्यांचा आकडा लांबून झगझगीत दिसतो, म्हणून तो खरा वाटतो. पण तो कोणाच्या तरी बोटाने पाठवलेला असतो. तो मोजलेल्या आकड्याशी आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहणे हे आपले काम आहे. ते काम कोणताही रिमोट आपल्यासाठी करून देणार नाही.

येत्या गट-बैठकांत या विषयावर प्रश्न असतील तर अवश्य विचारावेत. सोबत डिझेलच्या दोन-चार पावत्या आणि एखादी वजनचिठ्ठी आणली तर हिशेब मिळून करू. पुढील अंकी आडसाली लागणीच्या पूर्वतयारीविषयी.

— ऊस विकास अधिकारी